थांबणे वेगळे, ताटकळणे वेगळे

इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेचा, एनएचएसचा, एक आकडा दर महिन्याला प्रसिद्ध होतो. कॅन्सरच्या संशयावरून तातडीने पाठवलेल्या रुग्णांपैकी किती जणांचे उपचार ६२ दिवसांच्या आत सुरू झाले, हे त्यात सांगितलेले असते. शंभरातल्या निदान ८५ जणांचे व्हावेत असा निकष आहे. २०१५ सालानंतर तो गाठता आलेला नाही. आकडा आला की भांडणही ठरलेले. एक बाजू म्हणते, वाया गेलेला प्रत्येक दिवस माणूस मारतो, जबाबदार कोण ते सांगा. दुसरी बाजू, आणि तिच्यात डॉक्टरही पुष्कळ असतात, म्हणते की जी गाठ वाढायला वर्षे लागली तिचे दोन आठवड्यांत काय बिघडणार आहे? उलट दिवस मोजण्याच्या या खुळापायी उपचारांचाच विचका होतो. हे भांडण इंग्लंडपुरते नाही. जिथे कॅन्सरवर उपचार होतात तिथे ते चालते, आणि एखाद्या घरात रुग्ण निघाला की त्या घरातही चालते: एक भाऊ म्हणतो उद्याच ऑपरेशन उरकून टाका, दुसरा म्हणतो आणखी एका डॉक्टरला विचारू.

मला हा वाद चुकीच्या जागी पेटलेला वाटतो, कारण ‘उशीर’ ही एकच वस्तू आहे असे दोन्ही बाजू धरून चालतात. आपल्या भाषेत थांबणे आणि ताटकळणे हे दोन वेगळे शब्द आहेत, ते उगाच नाहीत. थांबणाऱ्याला आपण कशासाठी थांबलो आहोत हे ठाऊक असते. ताटकळणाऱ्याला ते ठाऊक नसते. पुष्कळदा ज्याच्या दारात तो ताटकळतो त्यालाही नसते. कॅन्सरच्या उपचारांत काही दिवस थांबणे रास्त असते, कधी कधी तर चांगल्या उपचारांची सुरुवातच तिथून होते. ताटकळण्याला मात्र सक्त, शक्य तर कायद्याची, मर्यादा हवी. आज ज्या रीतीने दिवस मोजले जातात तिच्यात या दोन्हींची सरसकट बेरीज होते. म्हणून त्या आकड्यावरून भांडणाऱ्या दोन्ही बाजू अर्ध्या-अर्ध्या बरोबर ठरतात आणि रुग्ण होता तिथेच राहतो.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे आधी नीट ऐकून घेऊ, कारण त्यात तथ्य बरेच आहे. ब्रिटनमध्ये १९९९ ते २००९ या काळात प्रोस्टेटचा, ग्रंथीबाहेर न पसरलेला कॅन्सर सापडलेल्या १,६४३ पुरुषांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी तीन गटांत वाटणी केली गेली. एका गटाचे ऑपरेशन, दुसऱ्याला रेडिएशन, तिसऱ्यावर नुसते लक्ष ठेवायचे आणि रोगाने हालचाल केली तरच हात घालायचा. १५ वर्षांनी पाहिले तर तिन्ही गटांत प्रोस्टेट कॅन्सरने दगावलेले ३ टक्क्यांच्या आसपासच होते. जपानमध्ये कोबेच्या कुमा हॉस्पिटलने १९९३ पासून थायरॉइडच्या सेंटिमीटरभराच्या गाठी न कापता नुसत्या पाहत राहायचे ठरवले. बहुतेक गाठी वर्षानुवर्षे तशाच राहिल्या. शेजारच्या दक्षिण कोरियात याच्या नेमके उलट झाले. मानेच्या सोनोग्राफीचा सुळसुळाट झाला आणि १९९३ ते २०११ या काळात थायरॉइड कॅन्सरचे निदान १५ पटींनी वाढले, पण त्याने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण होते तिथेच राहिले. हजारो लोकांच्या ग्रंथी काढल्या गेल्या, जन्मभराच्या गोळ्या मागे लागल्या, आणि पदरात काय पडले?

घाईचा इतिहास तर याहून कडू आहे. ‘उशीर करू नका’ हा कॅन्सरविरोधी मोहिमांचा सर्वांत जुना मंत्र. अमेरिकेत १९१३ साली स्थापन झालेली, आज अमेरिकन कॅन्सर सोसायटी म्हणून ओळखली जाणारी संस्था तोच मंत्र घेऊन गावोगाव गेली. त्या घाईचा कळस स्तनांच्या कॅन्सरमध्ये दिसतो. कित्येक दशके पद्धत अशी होती की गाठ तपासण्यासाठी बाईला भूल द्यायची, ती बेशुद्ध असतानाच गाठीचा तुकडा गोठवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, आणि कॅन्सर निघाला तर त्याच टेबलावर स्तन, त्याखालचे स्नायू आणि काखेतल्या लसिकाग्रंथी काढून टाकायच्या. शुद्धीवर आल्यावर तिने छातीवरचे बँडेज चाचपायचे आणि काय ते समजून घ्यायचे. तपासणी आणि ऑपरेशन यांत चार दिवस गेले तर रोग पसरेल, एवढ्यावर हे सारे उभे होते. १९७४ साली रोझ कुशनर या अमेरिकी पत्रकार बाईंना स्वतःलाच गाठ लागली तेव्हा त्यांनी याला नकार दिला. आधी तपासणी, मग जागेपणी निर्णय, हा त्यांचा हट्ट. १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या मंडळाने, ज्यात कुशनरही होत्या, दोन टप्प्यांची पद्धत योग्य ठरवली. पुढे १९८५ मध्ये अमेरिकी सर्जन बर्नार्ड फिशर यांच्या चाचणीचे निष्कर्ष आले आणि रोग लवकर हाती लागला असेल तर स्तन राखून केलेले छोटे ऑपरेशनही तितकेच जीव वाचवते हे कळले. मधले ते चार दिवस त्या बाईच्या हक्काचे होते. रोगाच्या भीतीने ते तिच्याकडून काढून घेतले गेले होते, तेही अशा ऑपरेशनसाठी ज्याची बहुतेकींना गरज नव्हती.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देऊ नये. फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये आज ईजीएफआर नावाच्या जनुकातला बदल तपासतात, त्याचा निकाल यायला दिवस लागतात. नातेवाईक म्हणतात, तोवर काहीतरी सुरू करा. समजा घाईने इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारे औषध, दिली आणि नंतर कळले की बदल आहे, म्हणजे गोळ्यांनी काम भागले असते. त्या गोळ्यांपैकी ओसिमर्टिनिब इम्युनोथेरपीच्या पाठोपाठ दिली तर फुफ्फुसाला गंभीर सूज येण्याचा धोका वाढतो. इथे थांबणारा डॉक्टर ढिला नाही, उलट तोच अधिक सावध आहे.

आणखी एक मुद्दा कबूल करायला हवा, आणि तो सर्वांत गोंधळात टाकणारा आहे. आकडेवारी उघडली तर पुष्कळदा असे दिसते की ज्यांना सगळ्यात लवकर उपचार मिळाले तेच जास्त संख्येने दगावले. अभ्यासकांनी याला प्रतीक्षेचा विरोधाभास म्हटले आहे. कारण अवघड नाही: जो रक्ताच्या उलट्या करत दाखल होतो त्याला त्याच दिवशी टेबलावर घेतात, आणि त्याचा रोग मुळातच पुढे गेलेला असतो. डेन्मार्कमध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा अभ्यास झाला तेव्हा आलेख इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा निघाला: अगदी लवकर निदान झालेले आणि अगदी उशिरा झालेले, दोघांचेही मृत्यू जास्त, मधल्यांचे कमी. उशीर निरुपद्रवी आहे असे सांगणारे लोक या आलेखाची डावी बाजू दाखवतात. उजवी बाजू दाखवत नाहीत.

तर आता उजवी बाजू. २०२० च्या नोव्हेंबरात ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात ३४ अभ्यास आणि साडेबारा लाखांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करून केलेले विश्लेषण आले. स्तन, मोठे आतडे, मूत्राशय वगैरे सात प्रकारच्या कॅन्सरचा त्यात विचार होता. ऑपरेशनला दर चार आठवड्यांचा उशीर झाला की मृत्यूचा धोका ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो, हा त्याचा निष्कर्ष. हा आकडा दोन्ही बाजूंनी वाटेल तसा वापरला आहे, म्हणून जरा सावकाश वाचू. शंभरातल्या सहा जणी जास्त मरतात असा त्याचा अर्थ नाही. वेळेत उपचार मिळूनही शंभरातल्या १२ जणी दगावणार असतील, तर चार आठवड्यांच्या उशिराने त्या साधारण १३ होतात. शंभरात एक. डॉक्टरला आपल्या समोरच्या खुर्चीत बसलेल्या बाईकडे पाहून ही एक कधीच दिसत नाही, आणि म्हणूनच ‘महिन्याभराने काही होत नाही’ हे तो अगदी प्रामाणिकपणे म्हणू शकतो. पण त्याच अभ्यासकांनी हिशोब मांडला की ब्रिटनमध्ये वर्षभर स्तनांच्या कॅन्सरची सगळी ऑपरेशने १२ आठवडे पुढे ढकलली तर सुमारे १,४०० जादा मृत्यू होतील. एकेका खोलीत न दिसणारे हे मृत्यू देशाच्या बेरजेत दिसतात. धोरण कुठे बसून ठरवायचे, खोलीत की बेरजेत?

शिवाय ‘कॅन्सर सावकाश वाढतो’ यातला कॅन्सर कोणता? डेन्मार्कमध्येच डोके आणि मानेच्या कॅन्सरच्या ६१ रुग्णांचे निदानाच्या वेळचे स्कॅन आणि रेडिएशनचे नियोजन करतानाचे स्कॅन शेजारी ठेवून पाहिले गेले. मध्ये गेलेले दिवस साधारण २८. तेवढ्यात ६२ टक्के रुग्णांची गाठ मोजता येईल इतकी वाढली होती आणि दर पाचांतल्या एकाच्या मानेत रोगाची नवी गाठ आली होती. बर्किट लिम्फोमा या लसिका-पेशींच्या कॅन्सरच्या पेशी दिवस-दोन दिवसांत दुप्पट होतात. अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरमध्ये तर रक्तस्रावाने माणूस पहिल्या काही दिवसांतच जाऊ शकतो, म्हणून जनुकीय तपासणीच्या निकालाची वाटही न पाहता नुसत्या संशयावर ‘अट्रा’ या औषधाची गोळी सुरू करतात. म्हणजे थांबण्याची मर्यादाही रोगागणिक वेगळी: कुठे तास, कुठे आठवडे, कुठे वर्षे. प्रोस्टेटच्या चाचणीचा दाखला देऊन जबड्याच्या कॅन्सरच्या रुग्णाला धीर धरायला सांगणे म्हणजे कासवाच्या चालीवरून सशाचा अंदाज बांधणे.

इथवर दोन्ही बाजू मान्य करतील. अडते ते पुढे: थांबणे कोणते आणि ताटकळणे कोणते हे ओळखायचे कसे? मला हे वाटते तितके कठीण वाटत नाही. बायोप्सीचा एक तुकडा घ्या आणि त्याच्या मागे मागे जा. तो फॉर्मॅलिनमध्ये मुरायला निदान ६ तास लागतात, त्यात घाई केली तर पुढच्या चाचण्या चुकतात. मग मेणाच्या ठोकळ्यात बसवणे, पातळ काप, रंग देणे. कोणते औषध लागू पडेल हे सांगणाऱ्या हार्मोन रिसेप्टर, हर-टू वगैरे खुणा पाहायच्या तर आणखी एक-दोन दिवस. हाडाचा तुकडा असेल तर आधी त्यातला चुना काढायला वेगळे दिवस. हे सगळे थांबणे. त्यातला प्रत्येक तास कशाला तरी कारणी लागतो. पण तुकडा प्रयोगशाळेत पोहोचण्याआधी शुक्रवारपासून सोमवारपर्यंत डब्यात पडून राहिला, काप तयार होऊन पाहायला पॅथॉलॉजिस्ट नव्हता, रिपोर्टवर सही झाली आणि तो ज्याने मागवला त्याच्यापर्यंत गेलाच नाही, ट्यूमर बोर्डाची, म्हणजे मिळून उपचार ठरवणाऱ्या डॉक्टरांची, बैठक आठवड्यातून एकदा आणि यादी कालच बंद झाली: हे ताटकळणे. कसोटी एकच ठेवावी. या दिवसांत असे काही घडते आहे का, की ज्याच्या निकालाने पुढचा निर्णय बदलेल? नमुना कधी आला, काप कधी झाला, सही कधी झाली, रिपोर्ट कुणी कधी उघडला, या सगळ्याची वेळ हॉस्पिटलच्या संगणकात बहुधा आधीपासून नोंदलेली असते. ती बेरीज कुणी करत नाही, इतकेच.

ताटकळणे येते कुठून, याचे उत्तर मात्र आळसात नाही. १९०९ साली कोपनहेगन टेलिफोन कंपनीतल्या आग्नेर क्रारूप एर्लांग या गणितज्ञाने टेलिफोनच्या वाहतुकीचे गणित मांडले, त्यातून पुढे रांगांचे शास्त्र तयार झाले. त्याचा साध्यातला साधा हिशोब असा: एकच खिडकी आहे आणि माणसे आपापल्या वेळी येतात. खिडकी ८० टक्के वेळ गुंतलेली असेल तर प्रत्येकाला सरासरी एका कामाच्या वेळेच्या ४ पट रांगेत काढावी लागते. ९० टक्क्यांवर ९ पट. ९५ टक्क्यांवर १९ पट. ज्या व्यवस्थापकाला आपले रेडिएशनचे मशीन एक मिनिटही रिकामे नसल्याचा अभिमान वाटतो, त्याने लांबलचक रांग स्वतःच मागवून घेतलेली असते. रुग्ण थोडे वाढले, रांग अचानक दुप्पट झाली, आणि मग कर्मचाऱ्यांना दमदाटी सुरू. दमदाटीने हे गणित बदलत नाही. काही जागा मुद्दाम रिकाम्या ठेवाव्या लागतात, आणि रिकाम्या जागेचे पैसे द्यायला कोणत्याच सरकारला आवडत नाही. माझ्या मते खरा राजकीय प्रश्न हा एवढाच आहे. बाकीचा पुष्कळसा वाद त्याला वळसा घालण्यासाठी होतो.

एर्लांगच्याच देशाने हे करून पाहिले. शेजारच्या देशांच्या मानाने डेन्मार्कचे कॅन्सर रुग्ण कमी जगतात हे वर्षानुवर्षे दिसत होते. २००७ मध्ये सरकार आणि प्रादेशिक प्रशासनांनी ठरवले की कॅन्सरचा संशय हा तातडीचा आजार मानायचा, आणि २००८-०९ मध्ये कॅन्सरच्या प्रकारागणिक ठरलेली वाट आखली गेली: कोणती तपासणी कितव्या दिवशी, आणि त्यासाठी स्कॅनच्या, ऑपरेशनच्या जागा आधीच राखून ठेवलेल्या. रुग्ण यायच्या आधी त्याची जागा असते, ही त्यातली कळीची गोष्ट. त्यानंतर तिथले जगण्याचे प्रमाण बरेच सुधारले. सगळे श्रेय या वाटांना देणे बरोबर नाही, ऑपरेशने मोजक्या ठिकाणी एकवटली, उपचारही सुधारले. आणि एक अडचण त्यांनाही आली. कॅन्सर असलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांनाच गाठ, रक्त जाणे अशी ठळक लक्षणे असतात. उरलेल्यांना नुसता थकवा, घटलेले वजन. ठळक लक्षणांसाठी वेगळा वेगवान रस्ता केला की हे बाकीचे मागे पडतात. तेव्हा त्यांच्यासाठी वेगळी निदान केंद्रे काढावी लागली. हे सांगतो अशासाठी की ‘डेन्मार्कसारखे करा’ म्हणणारे लोक पहिली अर्धी गोष्ट सांगून थांबतात.

मुदतींवर घेतला जाणारा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. मोजमाप हेच उद्दिष्ट झाले की ते मोजमाप म्हणून निकामी होते, हे अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने ओळखले जाते आणि इंग्लंडने ते अनुभवले आहे. तिथल्या तातडीच्या विभागात रुग्णाला चार तासांत दाखल करायचे किंवा घरी सोडायचे अशी मुदत घातली गेली, तेव्हा चौथा तास संपता संपता रुग्णांची एकदम पाठवणी होत असे. कॅन्सरमध्येही ज्याचा ६२ वा दिवस उलटला त्याच्यासाठी धावपळ करून टक्केवारीत काहीच भर पडत नाही. ६१ व्या दिवशी जो उभा आहे त्याच्यासाठी पडते. म्हणून १०४ दिवस उलटलेल्यांची वेगळी नोंद ठेवायची वेळ आली. पण यावरून मुदतच नको, डॉक्टरांवर सोडा, असे म्हणणाऱ्यांना एक प्रश्न आहे. मुदती येण्यापूर्वी सगळे डॉक्टरांवरच सोडलेले होते ना? मग २००० साली इंग्लंडला कॅन्सरचा राष्ट्रीय आराखडा करून या मुदती घालाव्या का लागल्या? टक्केवारीचा खेळ होतो तर टक्केवारी छापू नका. सर्वांत जास्त ताटकळलेल्या दहा टक्के रुग्णांचे किती दिवस गेले आणि कोणत्या टप्प्यावर गेले, ते छापा. टप्पा छापला की दोष माणसांवरून हलून जागेवर येतो.

मोजणीत याहून मोठी खोट दोन टोकांना आहे. सुरुवात होते ती रुग्णाला पुढे पाठवल्यापासून. त्याआधी त्याने तीनदा खोकल्याचे औषध नेले असेल, तिला ‘वयाप्रमाणे होते असे’ म्हणून परत पाठवले असेल, ते महिने कुठेच धरले जात नाहीत. २०१२ मध्ये काही संशोधकांनी आरहूस निवेदन म्हणून एक मसुदा प्रसिद्ध केला. त्यात लक्षण जाणवल्यापासून उपचार सुरू होईपर्यंतचे टप्पे वेगळे करून मोजायची रीत घालून दिली आहे. रीत आहे, वापर संशोधनापुरता. आणि दुसरे टोक तर विसरल्यासारखेच आहे: पहिला उपचार झाला की मोजणी बंद. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे रेडिएशन सुरू केल्यापासून ८ आठवड्यांत पुरे व्हायला हवे, नाहीतर त्याचा परिणाम घटतो. डोके-मानेच्या ऑपरेशननंतर रेडिएशन ६ आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवे. स्तनांच्या ऑपरेशननंतर केमो ९० दिवसांपलीकडे गेली तर मृत्यू वाढलेले दिसले आहेत. मशीन बंद पडले, रुग्ण मध्येच घरी गेला, जखम भरेना, पुढची तारीख मिळेना: हे सगळे ‘वेळेत उपचार सुरू झाले’ या रकान्यात सुखाने बसते. जागतिक आरोग्य संघटनेने स्तनांच्या कॅन्सरसाठी जी उद्दिष्टे ठरवली त्यांत निदान ६० दिवसांत व्हावे हे आहे, आणि त्याच्या जोडीला ८० टक्के बायांचे उपचार पूर्ण व्हावेत हेही आहे. पहिल्यावर भाषणे होतात. दुसऱ्यावर ऐकलेली मला आठवत नाहीत.

एक शेवटचा आक्षेप उरतो, तो म्हणजे रोगावर परिणाम होत नसेल तर आठवडाभर ताटकळल्याने काय झाले? भीती तर वेळेत उपचार मिळालेल्यालाही वाटते. माझ्या जवळच्या एका माणसाची बायोप्सी झाली होती. रिपोर्ट आठवड्यात येईल असे सांगितले, आला नाही. फोन केला की ‘अजून आलेला नाही’ एवढेच उत्तर. सोळाव्या दिवशी समजले की तो सातव्या दिवशीच सही होऊन संगणकात बसला होता. ज्या डॉक्टरने मागवला ते रजेवर होते आणि त्यांच्या नावावरचे रिपोर्ट दुसऱ्या कुणाला दिसतच नव्हते. त्या नऊ दिवसांत रोग वाढला असे मी म्हणणार नाही, बहुधा नाही वाढला. उपचार मुदतीच्या आत सुरू झाले, त्यामुळे कोणत्याही तक्त्यात ते दिवस सापडणार नाहीत. घरात मात्र त्या नऊ रात्री कुणाचा डोळ्याला डोळा लागला नाही, आणि त्या सगळ्या रात्री रिपोर्ट तयार होता.